उतरल्या पाण्याचा भंडारदरा

भंडारदऱ्याला मे महिन्यात जावं, असं मी म्हटलं की समोरचा माणूस हमखास विचारतो, "मे महिन्यात? तेव्हा काय असतं तिथे?" पावसाळ्यातला भंडारदरा सगळ्यांना ठाऊक असतो. कड्यावरून उतरणाऱ्या पांढऱ्या धारा, धुक्यात बुडालेलं शेंडी गाव, भाजलेल्या कणसांचा वास, घोटीपर्यंत लागलेली गाड्यांची रांग. तो भंडारदरा मीही पाहिलाय आणि तो सुंदरच आहे. पण धरण भरतं ते दोन-अडीच महिन्यांत. उरलेलं सगळं वर्ष ते रिकामं होत असतं, आणि बांधलंय ते रिकामं होण्यासाठीच. ते काम पुरं होत आलेलं असतं मे महिन्यात. म्हणून मला वाटतं, ज्याला हा तलाव खरोखर पाहायचा आहे त्याने एकदा तरी वैशाखात यावं.

या धरणात ११ हजार ३९ दशलक्ष घनफूट पाणी मावतं. नगर जिल्ह्यात वाढलेल्या माणसाला हा आकडा पाठच असतो. पावसाळ्यात रोजच्या पेपरात तो छापून येतो: घाटघरला किती मिलिमीटर, रतनवाडीला किती, पांजऱ्याला किती, नवीन आवक किती, साठा किती. पंधरा ऑगस्टच्या आत भंडारदरा भरायला हवा, अशी आमच्याकडे रीतच पडून गेलीय. भरला की लोक एकमेकांना फोन करून सांगतात. आमचं गाव धरणापासून कितीतरी खाली, श्रीरामपूर तालुक्यात, प्रवरेच्या डाव्या कालव्यावर. तिथे वर्षाला पाचशे-सहाशे मिलिमीटर पाऊस पडला तरी बरं वर्ष म्हणायचं. इकडे घाटमाथ्यावर तोच पाऊस चार-पाच हजार मिलिमीटरच्या घरात जातो. एकाच जिल्ह्याची ही दोन टोकं. मधे आहे प्रवरा आणि शेंडीजवळची ती दगडी भिंत.

लहानपणी आमच्या दृष्टीने पाणी म्हणजे पाट. आवर्तन, म्हणजे कालव्याचं पाळीचं पाणी, सुटलं की रात्री-अपरात्री बॅटरी घेऊन वडील पाणी धरायला जायचे. बारे धरताना बांधावर होणारी भांडणं, पाणी सोडणाऱ्या पाटकऱ्याची वाट पाहणं, "आज आपली पाळी" हा घरातला परवलीचा शब्द. ऊस त्या पाण्यावर, मोसंबी त्या पाण्यावर, आमची शिक्षणं आणि लग्नंही त्याच पाण्यावर झाली. १९५०-५१ च्या हंगामात विठ्ठलराव विखे पाटील आणि धनंजयराव गाडगीळ यांनी लोणीला सहकारी साखर कारखाना उभा केला, तोही या कालव्यांच्या आधाराने पिकलेल्या उसावर. पण पाणी येतं कुठून, याचं आमचं उत्तर "वरून" एवढंच होतं. वर काय आहे ते पाहायला आमच्यातलं फारसं कोणी गेलेलं नव्हतं. मी गेले ती लग्न होऊन, नोकरी लागून, बरीच वर्षं झाल्यावर.

शेंडीत उतरल्यावर आधी भिंत पाहावी, आणि ती खालच्या अंगाने. १९१० मध्ये काम सुरू झालं आणि १९२६ च्या डिसेंबरात मुंबई इलाख्याचे गव्हर्नर लेस्ली विल्सन यांच्या हस्ते उद्घाटन झालं. म्हणून विल्सन डॅम. पाठीमागच्या तलावाला आर्थर लेक म्हणतात. उंची ८२ मीटर, म्हणजे २७० फूट, आणि बांधकाम सगळं दगडाचं. खाली उभं राहून वर पाहिलं की एकेक चिरा दिसतो. हा चिरा कोणीतरी घडवला, कोणीतरी डोक्यावरून किंवा दोराने वर नेला, कोणीतरी बसवला. सोळा वर्षं हे चाललं होतं. गव्हर्नरचं नाव धरणाला लागलं; ज्यांनी दगड वाहिले त्यांच्यातलं एकही नाव मला कुठे वाचायला मिळालेलं नाही, आणि दर वेळी तिथे उभं राहिल्यावर मला ती उणीव टोचते.

१९६९ मध्ये या भिंतीला तडे गेले आणि गळती वाढली. खालच्या गावांच्या तोंडचं पाणी पळालं होतं असं आमच्याकडची जुनी माणसं सांगत. मग पाठीमागून जाडजूड टेकू बांधून भिंत भक्कम केली गेली. हे टेकू आजही स्पष्ट दिसतात. पर्यटकांचे कॅमेरे बहुधा शेजारच्या अंब्रेला फॉलकडे वळलेले असतात. धरणातून सोडलेलं पाणी तिथे गोल खडकावर पडतं आणि छत्रीसारखं पसरतं, म्हणून ते नाव. सुट्ट्यांमध्ये पाणी सोडलं असेल तर जरूर पाहावा. पण माझी नजर पुन्हा त्या टेकूंकडेच जाते. शंभर वर्षांच्या आसपासची ही भिंत अजून रोज तेच काम करते आहे, आणि तिची देखभाल करणारी माणसं आजही तिथे हजेरी लावतात.

शेंडीहून तलावाला वळसा घालणारा रस्ता आहे. एका बाजूने मुरशेत, पांजरे, उडदावणे करत घाटघर. तिथून साम्रद, रतनवाडी, कोलटेंभे, मुतखेल करत परत शेंडी. पावसात हा रस्ता म्हणजे धबधब्यांची माळ. मे महिन्यात तो वेगळाच दिसतो. डोंगर तांबूस-करडे झालेले, करवंदाच्या जाळ्या काळ्या फळांनी भरलेल्या, आणि पोरं पानाच्या द्रोणात करवंदं-जांभळं घेऊन वळणावर उभी. उतारांवर मधेच काळे चौकोन दिसतात. नवख्याला वाटतं वणवा लागला असेल. तो राब असतो. पालापाचोळा, शेण, गवत, छाटलेल्या फांद्या यांचे थर देऊन पावसाआधी ते भाजायचं, आणि पहिल्या पावसाबरोबर त्या राखेत भाताचं, नागलीचं, वरईचं बी टाकायचं. रोप वितभर झालं की आवणी, म्हणजे लावणी. इथल्या महादेव कोळी आणि ठाकर घरांची शेती त्या चौकोनांतून सुरू होते. याच अकोले तालुक्यातल्या कोंभाळण्याच्या राहीबाई पोपेरे यांना गावठी बियाणं जपल्याबद्दल २०२० चा पद्मश्री जाहीर झाला, तेव्हा आमच्यासारख्या कालव्यावरच्या संकरित बियाण्याच्या लोकांना पहिल्यांदा वर बघावंसं वाटलं.

पांजऱ्याच्या पुढे एका ठिकाणी गाडी बाजूला लावून आम्ही तलावात उतरलो. उतरलो म्हणजे चालतच गेलो, कारण ऑगस्टमध्ये जिथे माणूस बुडेल एवढं पाणी असतं तिथे आता कोरडी जमीन होती. वरच्या बाजूला, झाडं जिथे संपतात तिथे, डोंगराभोवती एक आडवी रेघ सरळ फिरलेली दिसते. ती भरल्या पाण्याची खूण. रेघेच्या वर झाडोरा, खाली उघडी तांबडी माती आणि दगड. मी त्या रेघेखालून चालत होते आणि सारखी मान वर करून बघत होते, पाणी डोक्याच्या किती वर असतं ते.

आधी मुरूम लागला, मग गाळ. गाळ वाळून त्याला भेगा पडल्या होत्या, बोट सहज आत जाईल एवढ्या. प्रत्येक खपलीच्या कडा वर वळलेल्या. एक खपली उचलली तर खालची बाजू अजून गार आणि ओलसर होती, आणि तिच्यात एक बारीक शिंपला रुतलेला होता. पुढे गुरांच्या खुरांचे ठसे, ओल्या गाळात उमटून तसेच कडक झालेले. त्यातल्या काहींत पाणी साचून सुकल्याचे पांढरे डाग. मग दगडांच्या ओळी लागल्या. आधी त्या नुसत्या दगडांसारख्या वाटल्या. चार पावलं गेल्यावर ध्यानात आलं की त्या उताराला आडव्या जातात, एकीखाली एक, सारख्या अंतराने. जुन्या शेतांचे बांध असावेत ते. कोणाची शेतं, कधीची, हे सांगायला तिथे कोणी नव्हतं. मी एका बांधावर जरा वेळ बसले. आमच्या बांधावरची भांडणं मला आठवली, आणि हा बांध पाण्याखाली जातो म्हणून आमचा बांध ओला राहतो, एवढंच डोक्यात राहिलं.

पाण्याच्या अगदी काठाला हिरवा पट्टा होता. पाणी जसजसं मागे सरतं तसतशी उघडी पडणारी ओली जमीन, तिला गाळपेर म्हणतात. कुठे कुठे तिच्यावर हंगामी भाजी-वेल घेतात, बाकी ठिकाणी कोवळं गवत उगवतं आणि गुरं तिथेच दिवस काढतात. बगळे म्हशींच्या पायांत फिरत होते. एवढ्या उन्हातही वारा गार होता. समोर रतनगड, त्याच्या माथ्यावरचं नेढं, म्हणजे कातळातलं आरपार भोक, ऊन पडल्यामुळे लांबूनही ओळखू येत होतं. पलीकडे अलंग, मदन, कुलंगची रांग, पाठीमागे कळसूबाई. १,६४६ मीटर, महाराष्ट्रातलं सर्वांत उंच शिखर. पावसाळ्यात ढग यातलं काहीच दिसू देत नाहीत. सगळे डोंगर एकदम, पायथ्यापासून माथ्यापर्यंत, उन्हाळ्यातच दिसतात. याच मुलुखात, देवगावात, राघोजी भांगरे जन्मले. सावकार आणि इंग्रज सरकार या दोघांशी ते लढले आणि २ मे १८४८ रोजी ठाण्याच्या तुरुंगात त्यांना फाशी झाली. या डोंगरांकडे नुसतं ट्रेकिंगची जागा म्हणून बघणाऱ्यांना हे नाव माहीत असावं असं मला फार वाटतं.

घाटघरला रस्ता जातो तो थेट कोकणकड्यावर. इथे जमीन एकदम तुटते आणि खाली शहापूरकडचं कोकण दिसतं. कड्याच्या अलीकडे पडलेला थेंब प्रवरेत जातो, प्रवरा टोक्याजवळ गोदावरीला मिळते आणि गोदावरी बंगालच्या उपसागराला. पलीकडे पडलेला थेंब अरबी समुद्रात. दोन थेंबांमधलं अंतर कड्यावर फार तर हाताएवढं. माणसाने तेही आपल्या कामाला लावलंय: घाटघरच्या वरच्या जलाशयातलं पाणी बोगद्यातून खाली सोडून २५० मेगावॉट वीज तयार करतात, आणि विजेची मागणी कमी असते तेव्हा तेच पाणी पंपाने परत वर चढवतात. २००८ मध्ये हा प्रकल्प चालू झाला. सह्याद्रीची उंची म्हणजे साठवलेली वीज आहे, हे इथे डोळ्यांनी कळतं.

साम्रदची सांदण दरी आता फार प्रसिद्ध झाली आहे, तेव्हा तिच्याबद्दल थोडंच सांगते. कातळात पडलेली अरुंद, खोल भेग. आत ऊन क्वचित पोचतं आणि मे महिन्यातही एका जागी गुडघ्याएवढ्या गार पाण्यातून जावं लागतं. गावातला वाटाड्या घ्यावा आणि पावसाची चिन्हं असतील तर आत पाऊल टाकू नये. वर पाऊस पडला की सगळं पाणी त्या भेगेतूनच धावतं.

रतनवाडीला मात्र अर्धा दिवस ठेवावा. अमृतेश्वराचं मंदिर शिलाहार राजा झंझ याने बांधलं असं मानतात. प्रवरेचा उगम याच डोंगरांत, म्हणून नदीच्या उगमाशी शिवालय. मंदिर फार मोठं नाही, पण एवढ्या पावसाच्या जागी इतकी बारीक कोरीव कामं शेकडो वर्षं टिकली आहेत याचंच मला नवल वाटतं. खांबांवरच्या आकृतींची नाकं-डोळी पाण्याने झिजून मऊ झालीत, तरी कमरेचा बाक, हातातली वस्तू ओळखू येते. पावसाळ्यात गाभाऱ्यात पाणी भरतं आणि पिंड पाण्याखाली जाते. मे महिन्यात पायऱ्या उतरून आत जाता येतं, हात लावता येतो. दगड गार असतो. जवळच पुष्करणी आहे, तिच्या कोनाड्यांत विष्णूच्या मूर्ती आहेत, आणि भर उन्हाळ्यातही तिच्यात पाणी होतं.

गावाच्या विहिरीत ते नव्हतं. मंदिराच्या मागच्या वाटेवर एक मावशी दोन हंडे घेऊन चालल्या होत्या. विहिरीला पाणी आहे का, असं मी विचारलं.

"आता कुठलं, बाई? वैशाखात तळाचा दगड दिसतो. झिऱ्यावर चाललेय."

मी त्यांच्याबरोबर गेले. झिरा म्हणजे तलावाच्या काठच्या वाळूत उकरलेला हातभर खड्डा. तळातून पाणी हळूहळू झिरपत होतं. मावशींनी आधी वरचं गढूळ पाणी काढून टाकलं, मग थांबल्या, मग वाटीने एकेक वाटी हंड्यात भरू लागल्या. पलीकडे तलाव चमकत होता. ते पाणी का घेत नाही, असं विचारल्यावर म्हणाल्या, "त्यात गुरं बसत्यात. प्यायला झिराच बरा. पावसात एवढं पाणी पडतं की घराबाहेर पडता येत नाय, आन् आता हे असं."

चार-पाच हजार मिलिमीटर पाऊस पडणाऱ्या गावाची ही तऱ्हा. कारण दगडात आहे. हा काळा कातळ पाणी धरत नाही. पाऊस उतारावरून थेट खाली धावतो, धरणात जातो, धरणातून निळवंड्यात, निळवंड्यातून आमच्याकडे. निळवंडे धरण ८ हजार ३२० दशलक्ष घनफुटांचं. मूळ मंजुरी १९७० ची, आणि डाव्या कालव्याचं जलपूजन झालं ऑक्टोबर २०२३ मध्ये. दुष्काळी पट्ट्यातल्या माणसांनी दोन पिढ्या त्या पाण्याची वाट पाहिली. शिवाय समन्यायी पाणीवाटपाच्या नियमाने गरज पडली की मराठवाड्यातल्या जायकवाडी धरणासाठीही याच नदीतून पाणी सोडावं लागतं. त्यावरून दर दोन-चार वर्षांनी नगर आणि मराठवाडा यांच्यात ठिणग्या उडतात. हक्कासाठी भांडणाऱ्या दोन्ही बाजूंच्या लोकांची तळमळ मी जवळून पाहिलीय आणि दोघांचंही मला पटतं. पण त्या वादात झिऱ्यावर वाटी घेऊन बसलेली बाई कुठेच नसते. तिला शेतीला नको, प्यायला हवंय. काठावरच्या वाड्यांना बारमाही नळाचं पाणी, वर टाकीत चढवून, हे या तलावाच्या हिशेबातलं पहिलं पाणी असायला हवं. त्यानंतर आमचा ऊस.

संध्याकाळ झाली की मे महिन्याच्या अखेरीस इथे काजवे येतात. हिरडा, बेहडा, सादडा, जांभूळ, उंबर, अशी ठरावीक झाडं ते धरतात. आधी एखाद-दुसरा लुकलुकतो, मग एक झाड, मग शेजारचं. नर मादीला बोलावण्यासाठी चमकतात आणि सगळे मिळून एका तालात चमकतात. पहिला मोठा पाऊस झाला की खेळ आटोपतो. हल्ली त्यासाठी एवढी गर्दी होते की मला लिहिताना भीती वाटते. गाडीच्या दिव्यांनी आणि मोबाइलच्या बॅटरीने काजवे गोंधळतात, त्यांचं मीलनच होत नाही. आमच्या समोर एका माणसाने झाडावर प्रकाशझोत टाकला आणि अख्खं झाड विझलं. परत लागायला बराच वेळ गेला. हे कळसूबाई-हरिश्चंद्रगड अभयारण्य आहे. जायचं तर गाडी लांब ठेवावी, दिवे बंद करावेत, आणि रात्री गावातल्या एखाद्या घरी उतरावं. नागलीची भाकरी, पिठलं, खुरासणीची चटणी मिळते आणि दिलेले पैसे त्याच घरात राहतात.

दुसऱ्या दिवशी आम्ही आल्या वाटेने घोटीकडे न जाता नदीच्या सोबतीने खाली निघालो. रंध्याला थांबलो. पावसात इथे प्रवरा पाऊणशे-शंभर हात खाली झेप घेते. उन्हाळ्यात वरून पाणी किती सुटलंय त्यावर सगळं अवलंबून. आम्हाला एक बारीक धार मिळाली, पण तिच्यामुळे मागचा कातळ नीट दिसला, पाण्याने कापलेल्या खाचांसकट. काठावर घोरपडादेवीचं देऊळ आहे. राजूरला पेढे घेतले, ते घेतल्याशिवाय त्या गावातून पुढे जाता येत नाही. मग अकोले, संगमनेर, आणि ओझरचा बंधारा.

ओझरला नदी अडवून तिचे दोन कालवे काढलेत. उजवा राहुरीच्या अंगाला जातो, डावा आमच्याकडे. उन्हाळी आवर्तन चालू होतं, डावा कालवा काठोकाठ चालला होता. बंधाऱ्यावर एक वयस्कर पाटकरी भेटले. बोलता बोलता मी म्हटलं, आम्ही भंडारदऱ्याहून येतोय. नोकरीतली सगळी वर्षं त्यांनी या पाण्यावर काढली होती, पण वर काही जाणं झालं नव्हतं.

"वर बाकी पाण्याचा प्रश्न नसेल," ते म्हणाले.

मी त्यांना झिऱ्याचं सांगितलं. त्यांना ते खरं वाटेना. "धरणाच्या काठाला?" असं त्यांनी दोनदा विचारलं. मग मी मोबाइलमधले फोटो काढून दाखवले, आणि त्यांनी विचारलं म्हणून रस्ताही सांगितला: राजूरवरून शेंडी, शेंडीहून मुतखेल, कोलटेंभे आणि पुढे रतनवाडी.